वृत्तपत्रे, सरकार आणि आपला मुळशी पेटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी शिक्षणाचा प्रसार, विवाहातील खर्चाला आळा, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह यांपैकी एखादा विषय घेण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र वृत्तपत्रांचा विषय निवडला आहे. पुण्याभोवतालच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी मावळ, मुळशी व हवेली या तालुक्यांतील जमिनींची मोजणी व संपादन झाले, त्या वेळी ज्या जमिनी गेल्या त्यांत आपल्या सभासद कुटुंबांच्याही होत्या. त्यांपैकी अनेकांना आपला गट क्रमांक यादीत असल्याचे शेजाऱ्याच्या तोंडून कळले. वृत्तपत्र घरी येत होते. पण घरात येणारे वृत्तपत्र आणि घरावर येणारी वार्ता यांची गाठ पडली नाही. ती का पडत नाही, याचा विचार आपल्या पेट्याच्या इतिहासाच्या आधाराने करावा, एवढाच आजचा हेतू आहे.

वृत्तपत्राची शक्ती लोकांचे मत बनविण्यात आहे, असे सामान्यतः म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. कोणी काय मानावे हे वृत्तपत्राच्या हाती फारसे नसते. परंतु कोणी कशाकडे पाहावे, हे पुष्कळसे त्याच्या हाती असते. देशात एका दिवशी हजार गोष्टी घडतात. त्यांतील दहा पहिल्या पानावर येतात, पन्नास आतल्या पानांत जातात आणि उरलेल्या घडल्याच नाहीत असे होऊन बसते. सरकारचे लक्षही बहुधा याच वाटेने जाते. ज्या गोष्टीविषयी विधिमंडळात प्रश्न येण्याचा संभव असतो, तिची धारिका वरच्या टेबलावर येते. जिच्याविषयी कोणी विचारणार नाही, ती खाली राहते.

परकीय सरकारनेही हे तत्त्व चांगले ओळखले होते. मुंबई सरकारच्या पदरी प्राच्य भाषांचा भाषांतरकार या नावाचा एक अधिकारी असे. मराठी, गुजराती इत्यादी भाषांतील वृत्तपत्रांत काय छापून आले त्याचा इंग्रजी सारांश त्याच्या कचेरीतून दर आठवड्यास तयार होई आणि तो गुप्त कागद म्हणून सरकारच्या वरिष्ठांपुढे जाई. ज्या वृत्तपत्रांना जाहीरपणे क्षुद्र म्हणावयाचे, तीच खाजगीत इतक्या काळजीने वाचली जात होती. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत देशी वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा झाला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता, केवळ देशी भाषांतील पत्रांना होता. सरकारला कोणत्या शब्दाचे भय वाटत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आता अशा शक्तीचा उपयोग चिकाटीने केला तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी संबंधित आहे. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. सत्यशोधक विचाराचे हे पत्र पुढे १८८० मध्ये मुंबईस गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. लोखंडे यांचे मूळ घराणे खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. गिरणीत राबणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. सभा भरवल्या, सह्यांचे अर्ज केले आणि ‘दीनबंधु’तून तीच गोष्ट पुनःपुन्हा मांडली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एका साध्या मागणीला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत लोखंडे दुसऱ्या विषयाकडे वळले असते, तर तो रविवार केव्हा मिळाला असता कोणास ठाऊक! पत्राची खरी परीक्षा आज तो विषय पुन्हा काढण्यात होते. काल त्यावर किती जोराने ओरडलो, यात होत नाही.

हे उदाहरण मुद्दाम आधी सांगितले. कारण आता जे सांगावयाचे ते त्याच्या उलट आहे. आणि ते आपल्या दारातले आहे.

मुळशी हा त्या काळी हवेली तालुक्याचा एक पेटा होता. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून ते पाणी कोकणात उतरवावे आणि त्या उतारावर वीज तयार करून ती मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला पुरवावी, अशी टाटा पॉवर कंपनीची योजना होती. ही कंपनी १९१९ साली स्थापन झाली. योजना बुद्धीची होती, यात संशय नाही. परंतु धरणाच्या पाण्याखाली सुमारे ५० गावे जावयाची होती आणि दहा हजारांहून अधिक माणसे आपल्या खाचरांतून उठावयाची होती. आंबेमोहोर पिकवणारी ती जमीन. तिच्या मालकाला विचारावे, असे कायद्यात फारसे नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला किती यावर भांडता येई. पण जमीन घेऊच नका अशी हरकत नोंदविण्याचे स्वतंत्र कलम १९२३ सालच्या दुरुस्तीने त्या कायद्यात आले. तोवर मुळशीच्या शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणण्यासाठी कागदावर जागा नव्हती. म्हणून त्याने ते ‘नाही’ जमिनीवर बसून म्हटले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी मावळे मंडळींनी सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. काम काही काळ थांबवावे लागले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला जगातील पहिला लढा असे ज्याचे वर्णन पुढे अभ्यासकांनी केले, तो हाच होय.

या लढ्याला आरंभी वृत्तपत्रांचे पाठबळ लाभले, हे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे. न. चिं. केळकर यांच्यासारख्या ‘केसरी’च्या धुरीणांनी प्रश्न उचलून धरला. महात्मा गांधींनी १९२१ च्या एप्रिलात ‘यंग इंडिया’त मुळशीविषयी लिहिले आणि कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता टाटांनी लोकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांचे समाधान करावे, असे सुचविले. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांचे ‘स्वराज्य’ साप्ताहिक १९२० पासून चालू होते. ते केवळ लिहून थांबले नाहीत. मुळशीच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल १९२२ साली त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. आणि ज्यांना या लढ्यानेच ‘सेनापती’ ही पदवी दिली ते पांडुरंग महादेव बापट, तेही काही काळ पत्रसृष्टीतच वावरले होते. ‘चित्रमयजगत’, लोकमान्यांचे ‘मराठा’ आणि ‘लोकसंग्रह’ या ठिकाणी त्यांनी काम केले होते. विनायकराव भुस्कुटे यांनी लढ्याची धुरा वाहिली आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. म्हणजे लेखणी धरणारी माणसे मुळशीच्या वाट्याला पुष्कळ आली. मग उणे कोठे पडले?

उणे लक्ष टिकण्यात पडले. १९२१ साली असहकाराची लाट होती. त्या लाटेवर मुळशीची बातमी दूरवर गेली. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याचे प्रकरण झाले, चळवळ थांबविण्यात आली, मार्चमध्ये गांधीजी पकडले गेले. त्यानंतर कायदेमंडळात जावे की जाऊ नये, या वादाने देशातील सारे राजकारण व्यापले. १९२३ च्या आरंभी स्वराज्य पक्ष निघाला, त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणुका झाल्या. पुण्याचे पुढारी त्या वादात गढले, पुण्याची पत्रे त्याच वादाने भरली. ते स्वाभाविक होते. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पुण्यातील वाद पेटला म्हणून मुळशीतील बांध थांबला नव्हता. दगडावर दगड चढतच होता. वृत्तपत्राचे घड्याळ आणि धरणाचे घड्याळ ही दोन निराळी घड्याळे आहेत, हे आपल्या वाडवडिलांना फार महागात पडून कळले.

दुसरे उणे अधिक खोल होते. पेट्यातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेल्या होत्या, आणि त्यांतले अनेक सावकार पुण्यात राहत. कसणारा निराळा, खातेदार निराळा. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम होती. मोबदला चांगला मिळाला तर त्याची तक्रार उरत नव्हती. कसणाऱ्याला मात्र जमीन म्हणजे घर, देव, सोयरीक आणि पुढच्या वर्षीचे बियाणे असे सर्व काही होते. या दोघांपैकी वृत्तपत्र वाचणारा, वृत्तपत्राच्या कचेरीत ओळख असणारा, आपले म्हणणे मुद्देसूद लिहून धाडणारा कोण, हे सांगावयास नको. त्यामुळे ‘जान की जमीन’ हा प्रश्न हळूहळू ‘दर काय’ या प्रश्नात बदलत गेला. शब्द बदलला की मागणी बदलते, आणि मागणी बदलली की लढणारा एकटा पडतो.

१९२४ साली सेनापती बापटांनी हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडविली. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली ते सुटले. शस्त्राचा तो मार्ग योग्य की अयोग्य, यावर त्या काळीही मतभेद होते आणि आजही असतील. आम्ही त्यात शिरत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, ज्याचे साधे अर्ज कोणी वाचत नाही, त्याच्या टोकाच्या कृतीची वार्ता मात्र सर्वत्र होते. आणि त्या वार्तेत कृती उरते, अर्ज हरवतो.

आता १९२७ या एका वर्षाकडे पाहा. त्या वर्षी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, भिरा येथे मुळशीच्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, २० मार्च रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. दोन्ही गोष्टी पाण्याच्याच; परंतु त्यांच्या स्मृतीत केवढे अंतर! महाडचे कारण मोठे होते, नेतृत्व असामान्य होते, हे उघड आहे. तथापि आणखी एक गोष्ट होती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजीच ‘मूकनायक’ काढला होता, आणि महाडनंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. महाडास काय घडले हे त्यात त्यांनी स्वतः मांडले. इतर पत्रांनी काहीही लिहिले, तरी त्या दिवसाची आपली हकिगत आपल्या हातची होती. ज्यांना कोणी वाचा दिली नाही, त्यांनी आपल्या पत्राला ‘मूकनायक’ हे नाव द्यावे, यातच सर्व आले. आपल्या मुळशीच्या कसणाऱ्याजवळ सहानुभूतीची पत्रे होती, स्वतःचे एक पानही नव्हते. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याने लिहिलेले फार थोडे उरले. पुढे राजेंद्र व्होरा यांनी १९९४ साली मराठीत आणि नंतर इंग्रजीत या लढ्याचा अभ्यासपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला ही कथा नीट समजली. तोवर त्या लढ्यातील माणसे बहुतेक गेली होती.

ही सारी जुनी कथा झाली, आता काळ पालटला, असे कोणी म्हणेल. काळ निश्चित पालटला आहे. पत्रे वाढली, चोवीस तास वार्ता देणाऱ्या वाहिन्या आल्या, प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला. परंतु आपल्याच तालुक्यात फिरून पाहा. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी आहे. तेथील रस्ता तासभर तुंबला तरी त्याची बातमी होते, कारण त्या रस्त्यावर वाचक अडकलेला असतो. पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणी आहे. पावसाळ्यात तेथील धबधब्यांची छायाचित्रे छापून येतात, कारण वाचक तेथे सहलीस जातो. या दोन टोकांच्या मधल्या वाड्यांवर वाचक अडकतही नाही आणि सहलीसही जात नाही. म्हणून त्या वाड्यांना वर्षानुवर्षे बातमी होण्याचा योग येत नाही.

लवासाचे उदाहरण फार जुने नाही. मोसे नदीच्या खोऱ्यात दासवे, मुगाव इत्यादी गावांच्या परिसरात हे गिरिनगर उभे राहू लागले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस काढली, आणि वर्षभर पत्रांतून व वाहिन्यांवरून त्या खोऱ्याचे नाव रोज घेतले गेले. कोणी विकासाची बाजू मांडली, कोणी पर्यावरणाची. २०११ च्या नोव्हेंबरात अटींसह परवानगी मिळाली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या तीन तारखांना बातमी झाली. या तारखांच्या मधल्या वर्षांत त्या खोऱ्यातील कुटुंबांचे काय चालले होते, ते वाचकाला कोण सांगणार? आम्ही येथे कोणाची बाजू घेत नाही. लक्ष कसे येते आणि कसे जाते, एवढेच दाखवावयाचे आहे. शंभर वर्षांत वार्ता वेगाने धावू लागली आहे. पण तिचा मुक्काम लांबला नाही, उलट आखूड झाला आहे.

मोबाईलवरून फिरणाऱ्या मजकुराने ही उणीव भरून निघेल, असा काहींचा समज आहे. त्याने बोलण्याची सोय प्रत्येकाला झाली, हे मोठेच काम झाले. परंतु त्यात सांगणारा कोण, कोणत्या दिवशीचे, कोणत्या कागदावरून, हे बहुधा नसते. मागल्या वर्षीचे छायाचित्र यंदाचे म्हणून येते, आणि एका गावची गोष्ट दुसऱ्या गावच्या नावाने खपते. ज्या मजकुराला तारीख नाही, त्याला कचेरीत किंमत नाही. सरकारपुढे उभे राहावयाचे, तर तारीख, कागद आणि सही या तीन गोष्टी लागतात.

मग आपण करावयाचे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचवितो. त्यांपैकी एकीलाही फार पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, वृत्तपत्र शेवटच्या पानापासून वाचावयास शिकावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार संपादनाची प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते, आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. ती प्रसिद्ध झाल्यापासून साठ दिवसांच्या आत हरकत घेता येते. जे कलम १९२१ साली आपल्या आजोबा-पणजोबांजवळ नव्हते ते आज आपल्याजवळ आहे. परंतु ही सूचना बारीक टाइपात, लिलावाच्या व वारसदाखल्याच्या जाहिरातींच्या शेजारी छापलेली असते. आपण पहिल्या पानावरची दिल्लीची भांडणे चवीने वाचतो आणि आपल्या गट क्रमांकाची सूचना रद्दीत जाते. प्रत्येक गावच्या एका तरुणाने अथवा तरुणीने रोज दहा मिनिटे हे जाहीर नोटिशींचे पान चाळावे आणि आपल्या गावाचे नाव दिसताच ते कापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.

दुसरी गोष्ट, विचारण्याचा हक्क वापरावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून साधा अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. वार्ताहराने येऊन आपली दुःखे लिहावीत अशी वाट पाहण्यापेक्षा आपणच कागद मिळवून वार्ताहराच्या हाती द्यावा. कागद हाती असलेल्या माणसाची बातमी नाकारणे संपादकालाही जड जाते. ग्रामसभेचेही तसेच. तेथे केलेला ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. ‘आम्ही बोललो होतो’ याला पुरावा म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट, लोखंड्यांची चिकाटी. आपल्या खोऱ्यातील एक प्रश्न निवडावा, पुनर्वसनाचा असो, रस्त्याचा असो वा शाळेचा असो, आणि तो सुटेपर्यंत दर महिन्यास त्याविषयी एक पत्र संपादकास व एक संबंधित कचेरीस पाठवावे. एका वर्षात बारा पत्रे झाली की बाराव्या पत्राचे वजन पहिल्यासारखे राहत नाही.

चौथी गोष्ट आपल्या या स्मरणिकेविषयी आहे, आणि ती थोड्या संकोचाने सांगतो. दरवर्षी आपण हे पुस्तक काढतो. त्यात देणगीदारांची छायाचित्रे असतात, गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन असते, वधूवरांची यादी असते, दिवंगतांना श्रद्धांजली असते. हे सर्व असावे. परंतु आपल्या किती कुटुंबांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, ती कोठून उठून कोठे गेली, मोबदला कोणाच्या नावे निघाला, कोण मुंबईस गिरणीत लागला आणि कोण तळ्याच्या काठावरच नव्याने खोपट बांधून राहिला, याचे एक पानही आपल्या कोणत्या अंकात आम्हांस आढळले नाही. आजवर ज्या गिरण्यांना मुळशीच्या पाण्याची वीज गेली, त्याच गिरण्यांत मुळशीचा माणूस बिगारी म्हणून उभा राहिला असेल, तर ती गोष्ट त्याच्या नातवंडांना कोण सांगणार? येत्या अंकापासून चार पाने यासाठी राखून ठेवावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. जुने सातबारे, फेरफार, नोटिसा यांच्या नकला आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची हकिगत, तारखेसह व सांगणाऱ्याच्या नावासह, त्यांत यावी.

यात आपल्या भगिनींचा वाटा मोठा राहील. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या मावळपट्टीत व इतरत्र हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मुळशीच्या वाड्यांतील बायांचे शब्दही त्यांत आहेत. ज्या बायांचे नाव कोणत्याही पत्राने कधी छापले नव्हते, त्यांचे बोलणे टिकले. कारण कोणीतरी उंबऱ्याशी बसून ते उतरवून घेतले. घरातील आजीजवळ वही घेऊन बसण्यास संपादक व्हावे लागत नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्ञातीच्या प्रकाशनांना एक खोड असते. ती आपल्या माणसाची स्तुती तेवढी छापतात आणि शेजाऱ्याचे दुःख वगळतात. मुळशीची गावे बुडाली तेव्हा सर्व जातींची घरे बुडाली. पाणी चढताना त्याने कोणाची जात विचारली नाही. मोबदला वाटताना मात्र कोणाच्या नावावर काय आहे, हे विचारले गेले, आणि ज्यांच्या नावावर काहीच नव्हते ते हात हलवीत गेले. ती चार पाने आपण आपल्यापुरतीच ठेवली, तर पुण्याच्या पत्रांनी शंभर वर्षांपूर्वी जे केले तेच आपण करू: आपल्या ओळखीच्या माणसाचे लिहू आणि अनोळखी माणसाचे सोडून देऊ. म्हणून त्या पानांत गावातील प्रत्येक घराला जागा असावी. तो आपला ज्ञातिबंधू आहे की नाही, हे पाहू नये.

वृत्तपत्रांचा आम्ही अनादर करीत नाही. संपादक तुरुंगात गेले, वार्ताहरांनी धोके पत्करले, त्यांच्या बळावर या देशात सरकारला जाब विचारण्याची रीत पडली. आजही एखाद्या तालुक्याच्या गावी तुटपुंज्या मानधनावर काम करणारा बातमीदार जे करतो, ते मोठमोठ्या वाहिन्यांच्या हातून होत नाही. परंतु दुसऱ्याच्या कंदिलावर विसंबून आपले घर उजळत नाही. त्याला आणखी दहा दारांवर जावयाचे असते. तो आपल्या दारी आला तर त्याचे आभार मानावेत, आपला कागद त्याला दाखवावा. आणि तो पुढे गेल्यावर आपली पणती तेवती राहील एवढे तेल घरात ठेवावे.

मुळशीच्या पाण्यावरची वीज आजही भिऱ्यास निर्माण होते आणि मुंबईकडे जाते. ते पाणी परत वळवावे, असे म्हणण्यास आम्ही येथे आलेलो नाही. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे आपल्या मुलांना पाठ असावीत, आणि पुढे कधी कोणत्याही कारणाने कोणी मोजणीची साखळी घेऊन दारात आले, तर त्या दिवशी घरातील एकाला तरी कायद्याचे कलम, अर्जाची मुदत आणि मागच्या पिढीची हकिगत माहीत असावी, एवढीच अपेक्षा आहे. मंडळाने हे काम हाती घेतले, तर लिहिण्याच्या कामी आम्ही आमची सेवा देण्यास सिद्ध आहोत.